नागम्माची पाऊण प्रदक्षिणा

सकाळी भाकरीच्या ऐन घाईत अंजू गॅसचं बटण नुसतंच फिरवत उभी होती. थोडं फिरवायची, थांबायची, मान तिरकी करून बघायची आणि वहीत काहीतरी लिहायची. मग तिनं नळाची तोटी फिरवली. मग लोणच्याच्या बरणीचं झाकण. मग स्वयंपाकघराचं दार चार वेळा उघडून चार वेळा लावलं. तिची सासू नागम्मा परातीपुढं बसून हे सगळं बघत होती. पाचव्यांदा दार करकरलं तेव्हा तिचा हात थांबला.

"अंजे, गॅस संपला का डोस्कं?"

"अव्वा, उद्या माझा पाठ आहे. केंद्रप्रमुख बघायला येणार आहेत. सहावीला परिवलन शिकवायचंय."

"काय वलन?"

"परिवलन. एखादी वस्तू एका बिंदूभोवती फिरते ना, ती किती फिरली, कुठल्या बाजूला फिरली, ते मोजायचं. पुस्तकात नुसते त्रिकोण फिरवलेत, पोरांना काही कळत नाही. म्हणून घरातली उदाहरणं बघून राहिले."

"फिरायचं शिकवायला सरकार पगार देतं?" नागम्मा म्हणाली. "हिकडं बघ. ही भाकर. फिरून राहिली का न्हाई? राहिली. जागा सोडली का? न्हाई सोडली. मधी बोट ठिव. तेवढं सोडून बाकी समदी भाकर फिरती. झालं तुझं वलन. आता त्या बरणीला झाकण लाव, लोणच्याला हवा लागती."

अंजू वही घेऊन तशीच खाली बसली. "अव्वा, व्याख्या हीच आहे! अगदी हीच! उद्या शाळेत येता का? पोरांपुढं भाकर थापून दाखवायला?"

नागम्मा तिसरीपर्यंत शिकली होती, त्यातली दुसरी दोनदा. त्यानंतर कुठल्याच शाळेनं तिला बोलावलं नव्हतं. "मला मरायला येळ न्हाई," ती म्हणाली, आणि दुपारी ट्रंकेतली इरकली साडी काढून उन्हात टाकली.

वेळ नव्हता हे मात्र खरं होतं, कारण तिचा नवस चालू होता. अंजू सात वर्षं तिकडं हदगावकडच्या एका शाळेत होती. नवरा औशात दुकान सांभाळतोय आणि बायको दुसऱ्या जिल्ह्यात खोली घेऊन राहतेय, असा तो संसार. नागम्मानं गल्लीच्या टोकाच्या महादेवाला सांगितलं होतं, सुनेला औशाला आण, अठ्ठेचाळीस दिवस रोज एकवीस अशा एक हजार आठ प्रदक्षिणा घालीन. भल्याभल्यांची फाईल जिथं अडून बसते ती आंतरजिल्हा बदली जूनमध्ये झाली. लोकांपुढं नागम्मा म्हणायची, "घरात कामाला माणूस पायजे हुतं." नवस कशाचा हे मात्र तिनं सुनेलाही सांगितलं नव्हतं. सून डोक्यावर बसू नये म्हणून. उद्याचा दिवस पंचेचाळिसावा. एकोणपन्नासाव्या दिवशी उद्यापन होतं, निलंग्याच्या आणि किल्लारीच्या पाहुण्यांना सांगावे गेले होते, हुग्गीच्या खिरीसाठी गहू आणून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एकवीस प्रदक्षिणा उरकून नागम्मा परात, पीठ आणि इरकली साडी अशा थाटात सहावीच्या वर्गात जाऊन बसली. केंद्रप्रमुख शेषेराव शेवटच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन कसेबसे मावले होते.

पाठ काय रंगला! अंजूनं भाकरीच्या कडेला तिखटाचा ठिपका दिला. नागम्मानं भाकर पाव फेरा फिरवली, ठिपका दाराकडून खिडकीकडं गेला. "किती?" "नव्वद!" पोरं ओरडली. अर्धा फेरा फिरवली. "एकशे ऐंशी!" मग उलटी पाव फिरवली. "वजा नव्वद!" शेषेराव वहीत भराभर लिहीत होते. पन्नास वर्षं नागम्मा भाकरी थापत आली होती, पण एकाही भाकरीला टाळी पडली नव्हती. तिनं न सांगताच दुसरा उंडा घेतला.

"आता तुम्ही सांगा," अंजू म्हणाली, "रोज आपल्या आजूबाजूला काय काय फिरतं?"

"पंखा!" "जातं!" "ट्रॅक्टरचं स्टेअरिंग!"

पुढच्या रांगेतली सृष्टी नावाची चुणचुणीत पोरगी उठली. "मॅडम, आपण महादेवाला प्रदक्षिणा घालतो ती. पूर्ण फेरा, तीनशे साठ."

"चूक," नागम्मा म्हणाली.

सगळा वर्ग तिच्याकडं वळला. नागम्माला तेच हवं होतं. "कोन्या घरची गं तू? महादेवाला कुनी पुरा फेरा घालतं व्हय? पिंडीवरचं पानी जिथनं भाईर येतं, ते गोमुख. ते वलांडायचं नसतंय. नंदीपासनं निघायचं, देव उजव्या हाताला ठिवायचा, गोमुखापतोर जायचं आन् तिथनं तोंड फिरवून आल्या वाटंनं माघारी नंदीपाशी. तवा एक झाली."

"वा!" मागून शेषेराव म्हणाले. "अगदी स्थानिक उदाहरण. मॅडम, घ्या की फळ्यावर."

साहेबांनीच म्हटल्यावर अंजूला चेव आला. तिनं झरझर देऊळ काढलं. "नंदी पूर्वेला, गोमुख उत्तरेला. दक्षिणेकडून, पश्चिमेकडून गेलो. जाताना किती?"

"पाऊण फेरा! दोनशे सत्तर!"

"येताना?"

"उलट दोनशे सत्तर!"

"म्हणजे वजा. आता बेरीज?"

"शून्य!" सगळा वर्ग गरजला. अंजूनं फळ्यावर हे भलंमोठं शून्य काढलं आणि शाब्बास म्हणाली. शेषेरावांनी बाकावरूनच टाळ्या वाजवल्या.

नागम्माच्या हातावरची भाकर थांबली. "शून्य म्हंजी?"

"म्हंजी आज्जी," सृष्टीनं मदत केली, "फिरलंच न्हाई असं."

घरी येईपर्यंत नागम्मा परात काखेत मारून अंजूच्या चार पावलं पुढं चालली. हे लक्षण काही बरं नव्हतं. परात कट्ट्यावर ठेवली आणि मग सुरुवात झाली.

"नऊशे पंचेचाळीस! टाचा फुटल्या माझ्या. आन् तू साहेबापुढं शून्य काढतीस?"

"अव्वा, ती कोनांची बेरीज होती. प्रदक्षिणा शून्य असं कुठं म्हटलं मी?"

"प्रदक्षिणेतच कोन असतेत असं तूच म्हनलीस की."

"हो, पण... म्हणजे कोन वेगळा आणि चाललेलं अंतर वेगळं."

"मग देव कोन बघतो का अंतर?"

अंजू डी.एड. होती, वर बी.एस्सी. होती. "ते अभ्यासक्रमात नाही," ती शेवटी म्हणाली. यामुळं नागम्माचं समाधान व्हायचं तर दूरच, उलट संशय वाढला.

ती तडक देवळात गेली. शिवमूर्ती स्वामी बेलाची पानं निवडत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पुन्हा एकदा ऐकून घेतलं आणि उठले. स्वतः नंदीपासून निघून गोमुखापर्यंत गेले, तोंड फिरवून माघारी आले आणि नंदीशेजारी उभे राहून पायांकडं बघू लागले.

"अम्मा, हललो तर हाय मी."

"पन हाव तिथंच उभे हाव की."

"हाव. तिथंच हाय." स्वामी पायरीवर टेकले. "तीस वर्षं पूजा करून राहिलो, असं कुनी इच्यारलं न्हाई. म्हंजी माझे बी..." त्यांचा निवडलेला आणि न निवडलेला बेल एकत्र झाला होता.

संध्याकाळी जेवताना अंजूच्या फोनवर शाळेचा निरोप आला आणि तिनं तो सहज मोठ्यानं वाचला, "आंतरजिल्हा बदलीने हजर झालेल्या शिक्षकांनी मूळ आदेशाची प्रत दोन दिवसांत जमा करावी."

नागम्माचा घास हातातच राहिला. "कामून?"

"नुसती पडताळणी, अव्वा. फाईल कुठं ठेवली मी?"

पडताळणी! नागम्माला सगळं लख्ख दिसलं. दिलेली वस्तू परत न्यायच्या आधी माणूस कागदच मागतो. वर देवाच्या वहीत खाडाखोड झाली असणार. बदली दिली, पण नवस काही जमा दिसेना. नऊशे पंचेचाळीस वेळा बाई निघाली आणि नऊशे पंचेचाळीस वेळा जाग्यावरच. उद्या पोरीला पुन्हा हदगावला धाडलं म्हणजे? घर पुन्हा भिंतींसारखं गप्प. पोरगा पुन्हा जेवताना टीव्हीशी बोलणार.

सकाळी भाकरी थापताना ती वाट शोधत होती. पुरा फेरा घालावा तर गोमुख ओलांडलं जातं, ते पाप. ओलांडू नये तर शून्य. मग बिघडतं कुठं? जाताना काही बिघडत नाही, दोनशे सत्तर पुरे होतात. बिघडतं ते येताना. येताना का? तर तोंड फिरवतो म्हणून. वजा तिथं येऊन चिकटतो. आणि तोंड फिरवलंच नाही तर? तोंड गोमुखाकडंच ठेवायचं आणि पाय तेवढे मागं मागं टाकत यायचं. देवाला वाटणार, बाई अजून पुढंच चाललीय.

तिनं भाकर तव्यावर टाकली आणि चप्पल घातली.

सेहेचाळिसाव्या दिवसाच्या पहिल्या दोन प्रदक्षिणा तशा बऱ्या गेल्या. तिसरीला गोमुखापासून मागं मागं येताना पश्चिमेच्या कोपऱ्यावर तिची पाठ कशावर तरी आदळली. तांब्या खणखणत गेला, पाणी पायांवर आलं. मागं तिची धाकटी जाऊ पार्वतम्मा उभी होती. दोघींच्या घरांची भिंत एक होती, बाकी काहीच एक नव्हतं.

"आगं बाई, अक्का! डोळे पाठीला लावलेत का?"

नागम्माला खरं सांगता आलं असतं. सहावीच्या पोरांनी बेरीज केली आणि माझा जीव घाबरला, एवढंच खरं होतं. पण पार्वतम्मापुढं?

"तुला ठावं न्हाई?" ती म्हणाली. "मोठ्या नवसाचे शेवटचे दिवस असंच माघारी यायचं असतंय. तोंड फिरवलं की नवस वाया."

"म्या तर कधी ऐकलं न्हाई."

"तू कधी नवस केलास?"

पार्वतम्मानं तांब्या उचलला आणि काही न बोलता निघून गेली. ती काही न बोलता गेली तेव्हाच नागम्मानं सावध व्हायला हवं होतं.

सत्तेचाळिसाव्या दिवशी नागम्मा देवळात पोचली तर देवामागं अकरा बायका पाठमोऱ्या येत होत्या. सगळ्यांत पुढं, म्हणजे सगळ्यांत मागं, पार्वतम्मा होती. "सावकाश," ती बाकीच्यांना सांगत होती, "पदर पायात येऊ देऊ नगा. आमच्या माहेरी उदगीरला पयल्यापासनं असंच करतेत."

जाणाऱ्या बायका सरळ जात होत्या, येणाऱ्या पाठमोऱ्या येत होत्या आणि कोपरा तर एकच. मलप्पा दूधवाला दुधाचा तांब्या घेऊन अभिषेकाला आला होता. त्याला दोन्हीकडून बायका लागल्या आणि तो होता तिथंच बसला. तांब्यातलं दूध देवापर्यंत न जाता त्याच्याच धोतरावर चढलं. "स्वामी, ही काय पद्धत काढली?" तो ओरडला. स्वामींना तरी काय माहीत? एका बाजूनं नागम्मा सांगत होती, दुसऱ्या बाजूनं उदगीर सांगत होतं. शेवटी ते कोपऱ्यावर उभे राहिले आणि दोन्ही हात करू लागले. "सरळवाले डावीकडनं! उलटंवाले उजवीकडनं! अम्मा, थांबा, मागून जड बाई आल्यात!"

त्या गोंधळात नागम्माचा आकडा चुकला. सतरावी चालू आहे की अठरावी? तिनं पहिल्यापासून पुन्हा मोजायला घेतलं.

त्याच दुपारी वर्गात सृष्टीनं हात वर केला. "मॅडम, तोंड न फिरवता मागं आलं तर अधिक का वजा?"

"कुठं बघितलंस असं?"

"तुमच्या अव्वाच करून राहिल्यात की. आमची आई बी."

अंजू शाळा सुटल्याबरोबर घरी आली. नागम्मा पाय गरम पाण्यात घालून बसली होती.

"अव्वा, मागं चाललं तरी कोन तोच. तोंड कुठं आहे याचा काही संबंध नाही. उत्तर शून्यच येतं."

नागम्मानं पाण्यातून पाय काढले. ती बोलली तेव्हा आवाजातली धार गेली होती. "मग मी करू तरी काय? वलांडावं तर पाप. फिरावं तर शून्य. मागं मागं आले तरी शून्यच. आन् तिकडं त्येंनी कागद मागवले. तुला परत हदगावला धाडू का?"

"मला? माझा काय संबंध?"

"नवस तुझाच हाय की!" नागम्मा म्हणाली आणि लगेच दुसरीकडं बघू लागली. "कामाला माणूस पायजे हुतं."

अंजू पाटावर बसली. टॉवेलनं सासूचा एक पाय पुसला, मग दुसरा. नागम्मानं पाय मागं घेतला नाही.

"प्रत मी सकाळीच देऊन आले, अव्वा. बदलीवाल्या सगळ्यांचीच मागवली होती. साहेबांनी उघडूनसुद्धा बघितली नाही." मग तिनं टॉवेलची घडी घातली. "आणि सात वर्षं हे दर शनिवारी एस.टी.नं हदगावला यायचे ना? रविवारी माघारी. जाताना जेवढं, येताना तेवढंच. माझ्या फळ्यावर त्याची बेरीज पण शून्यच येते. मग काय, हे आलेच नव्हते? दर शनिवारी खोलीच्या दारात मी कुणाची वाट बघत होते? शून्य म्हणजे निघालेला माणूस घरी परत पोचला, एवढंच. निघालाच नाही, असं नाही."

नागम्मानं हे मनात दोनदा फिरवून बघितलं. कुठंच अडकलं नाही.

"मग हे फळ्यावर लिवायला काय झालं हुतं?"

"तास चाळीस मिनिटांचाच असतो, अव्वा."

"तुमच्या शाळंचं समदं असंच. गहू भिजवलास का?"

अठ्ठेचाळिसाव्या दिवशी नागम्मा मान ताठ करून देवळात गेली. शेवटच्या एकवीस. आता कोन नाही, वजा नाही, काही नाही. नेहमीसारखी नंदीपासून निघाली, देव उजव्या हाताला ठेवला, गोमुखाशी पोचली आणि सासूनं शिकवलं होतं तसं ऐटीत तोंड फिरवलं.

"अगं माय!" कोणीतरी किंचाळलं.

समोर पंधरा-वीस बायका तोंड तिच्याकडंच ठेवून मागं मागं चालल्या होत्या. त्यातली एक मधेच थबकून बघत होती. उद्यापनासाठी किल्लारीहून आदल्या दिवशीच येऊन पोचलेली पाहुणी होती ती. "मावशी, तोंड नगा फिरवू! तोंड फिरवलं की नवस वाया जातो म्हनं. हितं मोठं कडक असतंय, पार्वतम्मानं सांगितलं मला."

"सांग बाई अक्काला नीट," गर्दीतून पार्वतम्माचा आवाज आला. "वय झालं. इसरतेत."

नागम्मानं स्वामींकडं बघितलं. कोपऱ्यावर उभे राहून दोन दिवसांत स्वामींचा घसा बसला होता. ते हात जोडून म्हणाले, "अम्मा, आता पद्धत पडली. मधीच कुनी सुलटं आलं की पडापडी होतीया. मलप्पा आजून लंगडून राहिला."

पद्धत पडली! दोन दिवसांपूर्वी ही पद्धत भाकरीच्या परातीत जन्मली होती, हे इथं फक्त एका माणसाला माहीत होतं. ते सांगायचं तर कोपऱ्यावर, पाहुणीसमोर, पार्वतम्मासमोर, सगळंच सांगावं लागणार होतं. सहावीचा वर्ग, शून्य, कागद, आणि नागम्मा घाबरली होती हेसुद्धा. आणि प्रदक्षिणा तर अजून एकवीसच्या एकवीस राहिल्या होत्या. उद्या पाहुण्यांची पंगत बसायची होती.

ती गोमुखापुढं थोडा वेळ उभी राहिली. मग हळूच तोंड पुन्हा गोमुखाकडं केलं आणि उजवा पाय मागं टाकला.

"अक्का, डावा आधी," पार्वतम्मा मागून म्हणाली. "आमच्या उदगीरला डावा आधी टाकतेत."

नागम्मानं उजवा पाय जागेवर घेतला, दात आवळले आणि डावा मागं टाकला.